परिचारिकांची नोंदवही आणि कुलवृत्ताचे वाचन

इंग्लंड व वेल्स येथील परिचारिकांची राजमान्य नोंदवही १९२१ साली उघडली आणि १९२२ पासून ती छापील खंडांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागली. तिचे मूळ प्रयोजन अगदी मर्यादित होते. रुग्णाच्या उशाशी बसणारी बाई रीतसर शिकलेली आहे की नाही, हे डॉक्टरला, इस्पितळाच्या चालकांना आणि सामान्य गृहस्थाला पडताळून पाहता यावे, एवढ्याचसाठी हे खंड निघाले. त्यांचा आजचा वाचक मात्र अगदी वेगळा आहे. पणजी किंवा आजीची बहीण परिचारिका होती असे घरात ऐकलेला, आणि त्या ऐकीव गोष्टीला कागदाचा आधार शोधणारा वंशज हा या खंडांचा आता मुख्य वाचक झाला आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या संग्रहातील खंडांची छायाचित्रे संगणकावर उपलब्ध झाल्यापासून त्याचे काम वरकरणी फार सोपे झाले. नाव टाकावे, उत्तर घ्यावे.

हे सोपेपणच तपासून पाहण्याजोगे आहे. नाव सापडले की "आजी परिचारिका होती" हे सिद्ध झाले, आणि न सापडले की ती नुसतीच घरगुती दंतकथा होती, असा निर्णय या पद्धतीने पाच मिनिटांत दिला जातो. पैकी पहिल्या निर्णयात अतिशयोक्ती आहे. दुसऱ्यात पुष्कळदा सरळ अन्याय आहे. नोंदवही हा पत्त्यांचा कोश नसून विशिष्ट कायद्याच्या भाषेत लिहिलेला दस्तऐवज आहे, आणि त्या भाषेचे व्याकरण समजल्याखेरीज त्यातील नोंदींचा अर्थ लागत नाही, मौनाचा तर मुळीच लागत नाही. मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, आणि तेथे नावाचा पेच इंग्लंडपेक्षाही बिकट आहे. त्याचा विचार शेवटी येईल; आधी मूळ इंग्रजी नोंदवहीचे स्वरूप पाहणे इष्ट.

प्रथम 'नर्स' हा शब्दच घ्यावा. 'पोषण करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, आणि त्याचा पहिला अर्थ मुलाला अंगावर पाजणारी किंवा सांभाळणारी बाई असा होता. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी हा अर्थ नंतरचा. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश खानेसुमारीच्या पत्रकात व्यवसायाच्या रकान्यात 'नर्स' असे लिहिलेली स्त्री बाळंतिणीजवळ महिनाभर राहणारी असेल, श्रीमंत घरातील मुलांची आया असेल, अनाथगृहातील वृद्धांची देखभाल करणारी असेल, किंवा खरोखरच इस्पितळात शिकलेली असेल. पत्रक भरणाऱ्याला या भेदाशी कर्तव्य नव्हते. मराठीतील 'दाई' हा शब्द असाच आहे: दूध पाजणारी, बाळंतपण करणारी, मुलाला खेळवणारी, सगळ्यांना तो पुरतो. 'परिचारिका' हा संस्कृत शब्द व्यवसायाच्या अर्थाने रूढ झाला तो या गोंधळातून सुटण्यासाठीच. आणि तरीही वॉर्डात आजही हाक मारली जाते ती 'सिस्टर' अशीच. नोंदणीचा कायदा म्हणजे, भाषेच्या दृष्टीने पाहिले तर, एका सैल शब्दाला घट्ट करण्याचा प्रयत्न होय.

तो प्रयत्न सहजासहजी यशस्वी झाला नाही. १८८७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश नर्सेस असोसिएशनने नोंदणीची मागणी पुढे रेटली, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला. चांगली परिचारिका परीक्षेने आणि यादीने ओळखता येत नाही, तिचे शील महत्त्वाचे, अशी त्यांची भूमिका होती. तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या वादाचा निकाल पहिल्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९१९ मध्ये लागला. इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यासाठी तीन स्वतंत्र कायदे झाले आणि तीन स्वतंत्र परिषदा नेमल्या गेल्या. ग्लासगोत शिकून लंडनमध्ये नोकरी केलेली आजी इंग्लंडच्या खंडात दिसत नाही म्हणून हताश होणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली, तरी बरेच श्रम वाचतील.

न्यूझीलंडने ही पायरी आधीच ओलांडली होती. तेथील कायदा १९०१ चा, आणि १९०२ च्या जानेवारीत नोंदवहीत पहिले नाव चढले ते एलन डोहर्टी यांचे. त्या वेळी त्या एका इस्पितळाच्या मेट्रन होत्या. नोंदणीच्या दिवशी त्या परिचारिका 'झाल्या' असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण कायद्याच्या अर्थाने त्या त्याच दिवशी झाल्या. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, पुढे १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या, एक महत्त्वाचा भेद मांडला: काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करतात, तर काही वाक्ये उच्चारली गेल्यानेच एखादी गोष्ट घडते. "या जहाजाचे नाव अमुक ठेवतो" हे वाक्य खरे की खोटे असा प्रश्नच येत नाही. नोंदवहीतील प्रत्येक ओळ या दुसऱ्या जातीची आहे. ती "ही बाई रुग्णसेवा करते" असे सांगत नाही. "या तारखेपासून हिला नोंदणीकृत परिचारिका म्हणावे" असे ठरवते. त्या तारखेपूर्वी बाईने काय केले आणि नंतर काय केले, याविषयी ती ओळ जवळजवळ मुकी असते.

या दृष्टीने 'विद्यमान परिचारिका' हा वर्ग विशेष अभ्यसनीय आहे. कायदा झाला तेव्हा हजारो स्त्रिया आधीपासून काम करीत होत्या. त्यांना नव्याने परीक्षेस बसवणे शक्य नव्हते. म्हणून १ नोव्हेंबर १९१९ पूर्वी किमान तीन वर्षे रुग्णशुश्रूषेचा व्यवसाय खरोखरीने केलेल्या स्त्रियांना, पुरेसे ज्ञान व अनुभव दाखविल्यास, परीक्षेवाचून प्रवेश देण्यात आला. ही सवलत १९२३ साली संपली आणि १९२५ पासून राज्य परीक्षा सुरू झाली. तेव्हा १९२२ ही नोंदणीची तारीख दिसली, तर तीवरून वय किंवा शिक्षणाचा काळ काढणे धोक्याचे आहे. ती बाई १८९० च्या दशकात शिकलेली असू शकते आणि नुकतीच शिकून बाहेर पडलेलीही असू शकते. १९३० ही तारीख मात्र बरेच काही सांगते, कारण त्या वेळी परीक्षेचा मार्गच काय तो सर्वसाधारण मार्ग उरला होता. एकाच रकान्यातील दोन तारखांचे अर्थमूल्य इतके भिन्न असते.

सवलतीची मुदत उलटून गेली आणि अर्ज केलाच नाही, अशाही स्त्रिया होत्या. काही पन्नाशीला आलेल्या होत्या, काहींना फी भरण्याचे प्रयोजन दिसले नाही, काही खेड्यात एकट्याने काम करीत होत्या. नोंदणी न करता रुग्णसेवा करणे हा १९१९ च्या कायद्याने गुन्हा ठरविलेला नव्हता. 'नोंदणीकृत' हे विशेषण लावून घेणे एवढेच निषिद्ध होते. 'नर्स' या नामालाच कायद्याचे कुंपण पडले ते १९४३ साली. मधली चोवीस वर्षे हे नाम मोकळे होते, आणि त्या मोकळ्या जागेत वावरलेल्या स्त्रियांना आजचा शोधक 'खोट्या परिचारिका' ठरवतो.

नाव नसणे म्हणजे काम नसणे नव्हे, हे दाखवायला अगदी ठळक उदाहरणे आहेत. नाइटिंगेल १९१० मध्ये वारल्या. ब्रुसेल्समध्ये जर्मनांनी गोळ्या घातलेल्या एडिथ कॅव्हेल १९१५ मध्ये. दोघींपैकी कोणाचेही नाव राजमान्य नोंदवहीत असणे शक्य नाही. महायुद्धात स्वयंसेविका म्हणून राबलेल्या हजारो तरुणींचेही तेच. लेखिका व्हेरा ब्रिटन यांनी लंडन, माल्टा आणि फ्रान्स येथील लष्करी इस्पितळांत जे काम केले ते त्यांच्या १९३३ च्या आत्मवृत्तामुळे जगजाहीर आहे. परंतु स्वयंसेविकांच्या पथकातील ही सेवा नोंदणीला पुरणारी नव्हती. अशा स्त्रियांचा माग ब्रिटिश रेड क्रॉसने जतन केलेल्या कार्डांत लागतो. लष्करी परिचर्या सेवेतील शिकलेल्या परिचारिकांचे सेवापत्रक क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, युद्धखात्याच्या कागदांत पाहावे लागते. घरात जपलेल्या छायाचित्रात शुभ्र शिरोवस्त्र आणि छातीवर लाल क्रॉस असेल, तर नोंदवही उघडण्याआधी या कार्डांकडे जाणे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळावे. आडनाव, मग दिलेली नावे, नोंदणीचा क्रमांक, तारीख, कायमचा पत्ता आणि कोठे व केव्हा शिक्षण झाले याचा अल्प निर्देश, असा तिचा ठरीव साचा आहे. एकही क्रियापद नाही. जन्मतारीख नाही, आईबापांचे नाव नाही. 'कायमचा पत्ता' हा रकाना कुलेतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत फसवाही आहे. परिचारिका इस्पितळाच्या वसतिगृहात राहत, आणि नोकरी बदलली की वसतिगृह बदले. म्हणून अनेकींनी वडिलांचे किंवा भावाचे घर कायमचा पत्ता म्हणून दिलेले दिसते. वंशजाला हवे असलेले मूळ गाव त्यामुळे हाती लागते. पण त्यावरून ती बाई त्या वर्षी त्या गावी राहत होती असे समजणे चुकीचे.

नावाच्या रकान्याचा पेच नोंदवहीच्या पहिल्याच क्रमांकात दिसतो, ही गंमत आहे. पहिला क्रमांक लाभला तो एथेल गॉर्डन फेनविक यांना. नोंदणीच्या चळवळीच्या त्या अध्वर्यू, त्यामुळे हा मान यथायोग्यच. परंतु फेनविक या नावाची परिचारिका कोणत्याही इस्पितळाने कधी शिकवली नव्हती. नॉटिंगहॅम आणि मँचेस्टर येथे शिकलेली, आणि १८८१ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाची मेट्रन झालेली तरुणी होती एथेल मॅन्सन. १८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी विवाह होताच तिने ते पद सोडले. पुढे ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंगची संपादिका म्हणून ती सर्वत्र ओळखली गेली 'मिसेस बेडफर्ड फेनविक' या नावाने, म्हणजे पतीच्या संपूर्ण नावामागे 'मिसेस' लावून. अशा प्रकारे एकाच व्यक्तीची तीन नावे झाली: शिक्षणाचे एक, सार्वजनिक जीवनाचे दुसरे आणि नोंदवहीचे तिसरे. फेनविक यांचे चरित्र उपलब्ध आहे म्हणून ही साखळी जुळते. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही त्यांची साखळी जुळवायची तर विवाहाचा दाखला मध्ये घालावा लागतो, किंवा २९ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या आरंभी इंग्लंड-वेल्समध्ये झालेल्या सर्वसाधारण नोंदणीचा आधार घ्यावा लागतो. या दुसऱ्या साधनात जन्मतारीख असते, व्यवसाय असतो, आणि पुढे कित्येक वर्षे तीच पत्रके आरोग्यसेवेच्या कामासाठी वापरात राहिल्याने विवाहानंतरचे आडनाव जुन्या नावाशेजारी लिहिलेले पुष्कळदा आढळते. परिचारिकांच्या नोंदवहीने जो दुवा गाळला, तो एका अगदी वेगळ्या हेतूने केलेल्या नोंदीने राखला.

नोंदवही वर्षावर्षाने छापली जात असे, आणि नाव टिकवण्यासाठी वार्षिक फी भरावी लागे. फी थांबली की नाव गळे. विवाहानंतर नोकरी सोडण्याची त्या काळी सर्रास रीत असल्याने, एखादे नाव सहा-सात खंडांत दिसून मग नाहीसे होते. या नाहीसे होण्याचे कारण मृत्यू, विवाह, परदेशगमन, शिक्षा किंवा नुसता विसराळूपणा यांपैकी काहीही असू शकते. म्हणून एक खंड पाहून भागत नाही; लागोपाठचे खंड पाहावे लागतात. पत्ता कधी बदलला, आडनाव कधी बदलले, नाव कधी गळले, या तीन बदलांतच त्या आयुष्याची हालचाल काय ती उमटते. संगणकावरील शोध नेमके हेच करू देत नाही. तो एक ओळ पानातून उचलून शोधकाच्या पुढ्यात ठेवतो, पण त्या ओळीच्या वरखाली काय होते, ती कोणत्या भागात होती, हे आपण होऊन सांगत नाही.

आणि भाग महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण भागाखेरीज मनोरुग्णांच्या, बालरुग्णांच्या आणि संसर्गज्वराच्या परिचारिकांसाठी निराळे भाग होते. पुरुष परिचारकांसाठी एक स्वतंत्र भाग होता. तो १९४९ च्या कायद्याने सर्वसाधारण भागात विलीन झाला. १९४३ नंतर तर नोंदवहीबाहेर सहायक परिचारिकांचा स्वतंत्र पट सुरू झाला. 'नोंदवही' आणि 'पट' या दोन शब्दांतील अंतर हे शिक्षणाचे, वेतनाचे आणि बऱ्याच अंशी सामाजिक वर्गाचेही अंतर होते. 'सहायक' हे विशेषण कायद्याने गळले ते १९६१ मध्ये. ज्यांच्या नावामागे ते अठरा वर्षे चिकटून राहिले त्या स्त्रियांच्या मुलांनी घरात "आई नर्स होती" असेच सांगितले, आणि ते खरेच होते. त्यांना नोंदवहीत शोधून न सापडल्याबद्दल शंका घेणे म्हणजे चुकीच्या दप्तरात पाहून साक्षीदाराला खोटे पाडणे होय. १८९८ पासूनच्या नोंदी एकाच शीर्षकाखाली शोधता येतात, तेव्हाही हीच सावधगिरी हवी. १९२१ पूर्वीच्या नोंदी राजमान्य असूच शकत नाहीत, त्या खाजगी संस्थांनी आपापल्या नियमांनी ठेवलेल्या आहेत.

मुंबई इलाख्याच्या संदर्भात हे सर्व प्रश्न उभे राहतातच, पण नावाचा प्रश्न त्यांच्यावर मात करतो. मद्रासचा कायदा १९२६ चा, मुंबईचा १९३५ चा. अखिल भारतीय परिषदेचा कायदा १९४७ चा. मुंबई राज्यात १९५४ साली नवा कायदा आला आणि महाराष्ट्राचा एकत्रित कायदा १९६६ मध्ये झाला. विदर्भ तोवर मध्य प्रांत-वऱ्हाडातून आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानातून आलेला होता. म्हणून १९३५ पासूनची 'महाराष्ट्राची' अशी एकच वही कल्पून नागपूरच्या किंवा औरंगाबादच्या परिचारिकेचे नाव मुंबईच्या दप्तरात शोधण्यात अर्थ नाही.

इंग्रजी साचा आडनावापासून सुरू होतो. मराठी नाव स्वतःच्या नावापासून सुरू होऊन वडिलांच्या किंवा पतीच्या नावातून आडनावाकडे जाते, आणि पुष्कळ वेळा आडनावापर्यंत पोचतच नाही. भारतीय परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून बाई काशीबाई गणपत यांचा निर्देश केला जातो. हे नाव साच्यात घालून पाहावे. 'गणपत' आडनावाच्या रकान्यात जाईल. वास्तविक ते मराठी रीतीने पित्याचे किंवा पतीचे नाव ठरते. 'बाई' हे पहिले नाव होईल. वास्तविक ते आदरार्थी पद आहे. काशीबाईंचे आडनाव जाणणारा वंशज ते टाकून शोधील तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला कोणत्या कुळात पाहावे हेच कळणार नाही.

त्यात विवाहाने आडनावच नव्हे तर नावही बदलण्याची रीत. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही जन्मनावाने यमुना. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्या रोमन लिपीत 'जोशी'च्या शेवटी दोन 'ई' लावून. आज तेच आडनाव बहुतेकजण एका 'आय'ने लिहितात. एका स्त्रीच्या बाबतीत नाव बदलले आणि आडनावाचे लेखनही आजच्याहून निराळे राहिले. रमाबाईंचा संबंध तर परिचर्येशी थेट आहे. १९०९ मध्ये त्यांनी उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. अशा विधवेचे सासरचे नाव वहीत असेल, आणि तिची आठवण मात्र माहेरी, भावाच्या घरी, माहेरच्या नावाने जपलेली असेल.

या ठिकाणी मराठीतील कुलवृत्तांत या वाङ्मयप्रकाराचे मूल्य कळून येते. विद्वानांनी तो बहुधा हौशी लोकांचा उद्योग म्हणून बाजूला ठेवला आहे. ते योग्य नाही. कितीतरी कुलवृत्तांतांत सुनेचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव व गाव, आणि मुलगी दिली त्या घराचे आडनाव आवर्जून दिलेले असते. इंग्लंडच्या नोंदवहीने आणि तिच्या साच्यावर बेतलेल्या वह्यांनी जो दुवा ठेवला नाही तोच नेमका येथे आहे. उलट कुलवृत्तांताला स्त्रीचा व्यवसाय बहुधा ठाऊक नसतो. बालवयात वैधव्य आलेल्या स्त्रीच्या नोंदीत वैधव्य येते आणि मृत्यूचे वर्ष येते. मधली वर्षे कोरी. इस्पितळाचे दप्तर, संस्थेचे वार्षिक अहवाल आणि परिषदेची वही हे सर्व त्या कोऱ्या जागेसमोर ठेवून वाचायचे आहे. मुंबई इलाख्यातील नोंदींत शोध घेताना म्हणूनच आरंभ आडनावाने करू नये. प्रथम मधले नाव, पतीचे आणि पित्याचे, दोन्ही घ्यावे. मग माहेरचे आणि सासरचे स्वतःचे नाव. मग 'बाई' हा शब्द नावाला जोडून आणि तोडून. आणि आडनाव सर्वांत शेवटी, त्याच्या जितक्या रोमन लेखनपद्धती सुचतील तितक्यांनी.